शब्द दिलेली बाटली

आमच्या घरात रक्त हा रोजच्या बोलण्यातला विषय होता. दुसऱ्यांच्या घरी आज भाजी काय करायची यावर बोलतात, तसं आमच्याकडे धाकट्याला या महिन्यात रक्त लागेल की नाही यावर बोलणं चालायचं. माझ्या धाकट्या भावाला सिकल सेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं आतून कोणी पिरगळतंय असं दुखतं. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी त्याच्या ओरडण्यातून शिकले. त्यात त्याचा गट ओ निगेटिव्ह. अख्ख्या भावकीत त्या गटाचं दुसरं कोणी नव्हतं. आई त्याला म्हणायची, जन्माला येतानाच तू हट्टी, कोणाशी जुळवून घेणार नाही म्हणून ठरवूनच आलास.

वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर ते फार जगले नाहीत. मी पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत कामाला लागले. वस्तीतल्या लोकांना वाटलं, मिळाली ती नोकरी धरली. मी भावासाठी गेले होते. जिथे बाटल्या असतात तिथे आपलं माणूस असलेलं बरं, एवढा साधा विचार त्यामागे होता. बाटली म्हणजे खरं तर प्लास्टिकची पिशवी असते, पण आमच्या भागात अजून सगळे बाटलीच म्हणतात.

रक्तपेढी चालवायचे ते डॉक्टर वयस्कर होते, आवाज चढा, पण माणूस सरळ. त्यांच्या रक्तपेढीखाली जळगाव, साक्री आणि यावल इथे छोटी साठवण केंद्रं होती. प्रत्येक ठिकाणी एक फ्रीज, एक टेक्निशियन आणि मोजक्या बाटल्या. अडचण एकच होती, कुठल्या गटाची बाटली कुठे आहे हे कोणालाच वेळेवर कळायचं नाही. धुळ्याला बी निगेटिव्ह शोधत नातेवाईक वणवण करायचे आणि तीच बाटली साक्रीच्या फ्रीजमध्ये मुदत संपून फेकली जायची. फोन लावावा तर लाइन नाही, लाइन असावी तर पलीकडचा माणूस जेवायला गेलेला. हे बघून माझं डोकं फिरायचं. एक दिवस मी डॉक्टरांना म्हटलं, हे मी कॉम्प्युटरवर करून देते. ते म्हणाले, कर, पण सगळं इथून दिसलं पाहिजे आणि इथून हललं पाहिजे.

म्हणून पहिली सिस्टीम केली ती तशीच. धुळ्याला एक मुख्य मशीन, बाकी तिन्ही केंद्रांनी मोडेमने फोन लावून त्यालाच विचारायचं आणि त्यालाच सांगायचं. कागदावर ती फार छान दिसत होती. प्रत्यक्षात उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं आणि धुळ्याची वीज गेली की चारही गावं आंधळी व्हायची. यावलच्या माणसाला त्याच्याच फ्रीजमध्ये काय आहे ते बघायला धुळ्याची वीज यायची वाट बघावी लागायची. त्याने अर्थातच वाट बघितली नाही. त्याने दार उघडून बघितलं, बाटली दिली आणि मशीनला सांगायचं राहून गेलं.

मग मी सगळं उलटं केलं. प्रत्येक केंद्राला स्वतःचं मशीन आणि स्वतःची पूर्ण माहिती. वीज गेली, लाइन तुटली तरी आपल्यापुरतं काम चालू. दिवसातून दोनदा मशीनं एकमेकांना फोन लावायची, साक्री धुळ्याला, धुळे जळगावला, जळगाव यावलला, आणि आपल्याकडचं नवं ते सांगून दुसऱ्याचं नवं घ्यायची. बातमी उशिरा पोचायची, पण पोचायची. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की याला काय म्हणतात, तर मला सांगता आलं नसतं. पुढे कळलं की जगात मोठमोठ्या लोकांनी यावर आयुष्यं घातली आहेत. मी आपलं एसटीने गावोगाव वर्तमानपत्राचे गठ्ठे कसे पोचतात ते बघून केलं होतं.

आणि त्यातही खोडी निघाल्या. साक्रीच्या मशीनची आतली बॅटरी गेली होती. वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसायचं. मग साक्रीहून आलेली ताजी बातमी बाकीची मशीनं जुनी समजून टाकून द्यायची. कित्येक दिवस साक्रीने दिलेल्या बाटल्या यावलच्या स्क्रीनवर शिल्लक दिसत होत्या. हे कळलं तेव्हा मी साक्रीच्या टेक्निशियनला फोनवर इतकं बोलले की तो नंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याची काही चूक नव्हती. शेवटी मी घड्याळांवर विश्वास ठेवणंच सोडलं. प्रत्येक केंद्राने आपल्या नोंदींना आपला क्रमांक द्यायचा, मागचा क्रमांक आला नसेल तर पुढचा धरायचा नाही, मागच्यासाठी थांबायचं. वेळ काय झाली हे विचारायचंच नाही, आधी काय झालं एवढंच विचारायचं.

मशीनांचं असं जमत आलं. माणसांचं जमेना.

झालं असं की धुळ्याच्या स्क्रीनवर साक्रीला ए निगेटिव्हची एक बाटली दिसत होती. इथे एका पेशंटला हवी होती. डॉक्टरांनी गाडी पाठवली. गाडी साक्रीला पोचली आणि टेक्निशियन म्हणाला, बाटली देता येणार नाही. ड्रायव्हरने तिथूनच फोन लावून दिला. मी म्हटलं, "फ्रीजमध्ये आहे ना?"

"शे," तो म्हणाला. "पन मी शब्द देल शे."

तेव्हा पहिल्यांदा मला हा प्रकार कळला. आमच्याकडे पोरगी बाळंतपणाला माहेरी येते. आधीच्या खेपेला तिला रक्त गेलेलं असलं, किंवा तिचा गट निगेटिव्ह असला, की तिचा बाप किंवा भाऊ आधीच केंद्रावर येऊन सांगून जातो, एक बाटली आमच्यासाठी राहू द्या. टेक्निशियन हो म्हणतो आणि पिशवीला दोरा बांधतो. झालं. त्यानंतर ती बाटली फ्रीजमध्ये असली तरी त्याची नसते. कितीही मोठा माणूस आला तरी तो देत नाही, कारण उद्या बाजारात तोच बाप समोर येणार असतो. मशीनला मात्र दोरा दिसत नव्हता. मशीनला दोनच गोष्टी माहीत होत्या, बाटली आहे किंवा बाटली गेली.

डॉक्टर भडकले. त्यांनी हुकूम काढला की शब्दबिब्द काही चालणार नाही, ज्याला आधी गरज त्याला बाटली. वैद्यकीय दृष्ट्या ते बरोबरच होतं. पण हुकूम निघाल्यावर टेक्निशियन लोकांनी काय करावं? शब्द दिला की त्याच दिवशी मशीनमध्ये "गेली" म्हणून नोंद करायला सुरुवात केली. बाटली फ्रीजमध्ये पाठीमागे लपवलेली, स्क्रीनवर मात्र गेलेली. तिन्ही केंद्रांनी, एकमेकांशी न बोलता, हेच केलं. दोन महिन्यांत आमच्या स्क्रीनवरच्या कुठल्याच आकड्यात अर्थ राहिला नाही. मी एकदा यावलला अचानक गेले आणि फ्रीज उघडून बघितला. स्क्रीनवर होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट बाटल्या आत होत्या. मला रडूच आलं, आणि मग त्या रडण्याचा राग आला.

यावलचा टेक्निशियन मूळचा साक्रीकडचा. वयाने माझ्याएवढाच असेल, मी त्याला भाऊ म्हणायचे आणि तो मला अक्का. त्याने मला बाकावर बसवलं आणि केळीचे वेफर्स पुढे केले. मी म्हटलं, "भाऊ, मला खोटं सांगू नका. मशीनला खोटं सांगितलं की मलाच सांगितल्यासारखं आहे."

"मंग मशीनले खरं सांगानी सोय करा," तो म्हणाला.

मी ती केली. "आहे" आणि "गेली" यांच्या मधे तिसरी अवस्था आणली, "शब्द दिलेली". कोणासाठी आणि कधीपर्यंत, तेही लिहायचं. अशी बाटली सगळ्या गावांना दिसेल, पण ती मोकळी करायचा अधिकार ज्याच्या फ्रीजमध्ये ती आहे त्यालाच. धुळ्याला नाही, डॉक्टरांना नाही. डॉक्टर म्हणाले, हा वेडेपणा आहे, धुळ्याला एक बटण पाहिजेच. मी म्हटलं, बटण ठेवलं की ते पुन्हा लपवतील. ते म्हणाले, लपवू देत, पकडू. मी म्हटलं, किती जणांना पकडाल? आमची चांगलीच जुंपली. मी टेबलावर हात आपटला आणि माझ्याच बांगडीची काच फुटून हातात घुसली. ते उठले, कापूस आणला, पट्टी बांधली आणि म्हणाले, "ठीक आहे, तुझं खरं. पण एक दिवस तूच म्हणशील की बटण पाहिजे होतं."

बटण नव्हतं, हे खरं. पण सिस्टीम मीच बांधलेली, त्यामुळे कुठल्याही केंद्राच्या मशीनमध्ये फोनवरून शिरून काहीही बदलण्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. दुरुस्तीसाठी तो लागायचाच. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

तिसरी अवस्था आल्यावर फ्रीज आणि स्क्रीन हळूहळू जुळायला लागले. टेक्निशियन स्वतःहून खरं लिहू लागले. कधी कधी फोन करून त्या बापाला विचारायचे, तुमच्या पोरीला अजून वेळ आहे, इथे एकाचं अडलंय, सोडू का? आणि बहुतेक वेळा तो हो म्हणायचा. हे मला सगळ्यात जास्त आवडलं होतं. मशीन जे करू शकत नव्हतं ते माणसं करत होती, आणि मशीन त्यांच्या आड येत नव्हतं. त्या दिवसांत मी फार खुशीत होते. घरी आले की भावाला सगळं सांगायची. तो पेंटर होता. महामार्गावर ट्रक थांबतात तिथे एका टपरीशेजारी बसून ट्रकांवर नंबर, नावं, मागे फुलं आणि मोर रंगवायचा. त्याची रेघ अशी सरळ यायची की ड्रायव्हर लोक इंदूरहून परत येताना मुद्दाम त्याच्याकडे थांबायचे. तो म्हणायचा, "तुझं मशीन एवढं शहाणं, मग माझ्या मोराचं शेपूट काढून दाखव म्हणावं."

मे महिना रक्तपेढीला नेहमीच वाईट. एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने आमच्या विहारात आणि ठिकठिकाणी शिबिरं होतात, फ्रीज भरतात, पण रक्ताची मुदत जेमतेम महिन्याच्या वर. मेच्या मध्यात ते संपत आलेलं असतं, कॉलेजांना सुट्टी, त्यामुळे नवी शिबिरं नाहीत, आणि नेहमीचे रक्तदाते लग्नांना गावोगाव पांगलेले. अशाच एका मेमध्ये भावाचं छातीत दुखणं सुरू झालं. आधी आम्हाला वाटलं, नेहमीचंच आहे. सकाळी त्याला दवाखान्यात नेलं तोपर्यंत ओठ राखाडी पडले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसात अडकलंय, रक्त ताबडतोब पाहिजे, जितका उशीर तितका मेंदूला धोका.

मी रक्तपेढीत धावत गेले. धुळ्याला ओ निगेटिव्ह नाही. जळगावला नाही. साक्रीला नाही. यावलला एक होती. समोर लिहिलेलं होतं, शब्द दिलेली, बाळंत होईपर्यंत.

फोन लावला. लाइन लागली, हे त्या दिवसाचं एकच नशीब. मी यावलच्या टेक्निशियन भाऊंना सगळं सांगितलं, कोणासाठी हवी तेही सांगितलं. ते म्हणाले, पोरगी अजून बाळंत झालेली नाही, मागच्या खेपेला मरता मरता वाचली होती, म्हणून बाप स्वतः येऊन सांगून गेला. "मी त्याले इचारस, अक्का. तो हो म्हणी, तर गाडी काढस."

मी वाट बघत बसले. मधल्या वेळात ओ निगेटिव्ह गटाच्या प्रत्येक माणसाला फोन करत होते. एकजण सुरतला, एकजण शिर्डीला, एकाचा फोनच बंद. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आई दवाखान्यातून रिक्षा करून रक्तपेढीत आली. तिला भावापाशी बसवेना.

यावलहून भाऊंचा फोन आला. "तो बाबा घर नही. बऱ्हाणपूरले लगनमा गया शे. तठे फोन लागत नही. पोरगीनी मायले इचारं, ती म्हने बाप येवापावत थांबा." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्ही तठून मशीनमा बदल करी टाका. माले स्क्रीनवर मोकळी दिसनी का मी लगेच गाडीमा ठेई देसू. कोनले काही सांगानी गरज नही."

त्यांना स्वतःच्या हाताने शब्द मोडायचा नव्हता. माझ्या हाताने मोडला तर चालणार होता.

डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "पासवर्ड आहे ना तुझ्याकडे? टाक. जबाबदारी माझी. तिला उद्यापर्यंत कुठूनतरी दुसरी देऊ." आई काहीच समजत नसल्यासारखी स्क्रीनकडे बघत होती, पण तिला सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "तुना हातमा शे ना? मंग बठनी काब्र?"

मग बसलीस का, असं ती विचारत होती. मी खुर्चीत बसले होते. मोडेम चालू होता. मला फक्त यावलचा नंबर फिरवायचा होता. मी नाही फिरवला.

का, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. एक उत्तर तयार असतं. मी ती बाटली काढली असती तर ती बातमी लपली नसती. संध्याकाळच्या फोनला ती चारही गावांना गेली असती, की धुळ्याने शब्द मोडला, आणि तोही स्वतःच्या भावासाठी. दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा बाटल्या लपवायला लागले असते. मग पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी पोरगी, स्क्रीनवर नाही म्हणून मेली असती. आणि यावलची ती पोरगी त्याच दुपारी अडली असती तर? हे उत्तर खरं आहे. आजही मला त्यात चूक सापडत नाही. पण दुसरं एक उत्तर आहे ते मला आवडत नाही. ती सिस्टीम माझी होती. तिच्यासाठी मी भांडले होते, हात फोडून घेतला होता. तत्त्वासाठी थांबले की आपलं बांधलेलं आपल्याच हाताने मोडायला नको म्हणून थांबले, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती उठली आणि दवाखान्यात परत गेली.

शेवटी शिरपूरच्या एका मास्तरांचा पत्ता लागला. ते कोणाच्या तरी हळदीला गेले होते, तिथून तसेच पिवळ्या अंगाने एसटीत बसून आले. त्यांनी रक्त दिलं, पण ते घेऊन लगेच लावता येत नाही, तपासावं लागतं, जुळवावं लागतं. मी तपासणीच्या खोलीबाहेर उभी होते. यावलची बाटली निघाली असती तर आतापर्यंत पोचली असती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाटली हातात घेऊन मी दवाखान्यात पोचले तेव्हा अजून उजेड होता. भाऊ शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला आणि शब्द नीट आला नाही. तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती. आई त्याचा उजवा हात चोळत होती आणि तो हात तिच्या मांडीवर नुसता पडून होता.

तो वाचला. बोलणं महिन्या-दोन महिन्यांत सुधारलं. हात परत आला नाही. म्हणजे हलतो, बटण लावतो, पण रेघ मारता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त मिळालं असतं तरी हे झालं असतं की नाही, कोणी सांगू शकत नाही. त्या मनाने चांगल्या होत्या. मला त्यांचं ते वाक्य वर्षानुवर्षं ना गिळता आलं ना थुंकता आलं.

यावलच्या पोरीला मुलगा झाला. सुखरूप बाळंत झाली, रक्ताचा थेंबही लागला नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. एका संध्याकाळच्या फोनला यावलहून नोंद आली, मुलगा झाला, बाटली लागली नाही, आणि स्क्रीनवर ती बाटली मोकळी झाली. काही दिवसांनी दुसरी नोंद आली, मुदत संपली. एवढंच. मी ते दोन शब्द वाचले, मशीन बंद केलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

पुढे यावलचे भाऊ कामानिमित्त धुळ्याला आले तेव्हा त्यांनी एक पुडा आणला. त्या बापाने पाठवलेले पेढे. त्याने निरोप दिला होता की बाटली लागली नाही, पण ती आहे म्हणून पोरीला धीर होता, तेवढ्यावर ती निभावली. भाऊंना वाटलं मला बरं वाटेल. मला इतका राग आला की मी तो पुडा त्यांच्यासमोर दुसऱ्या टेबलावर सरकवला. ते जाताना दारात थांबून म्हणाले की आता तिन्ही केंद्रांत कोणीच बाटली लपवत नाही, धुळ्याने स्वतःच्या भावासाठीही शब्द मोडला नाही हे सगळ्यांना कळलंय. मी मान हलवली. मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

त्या आठवड्यात मी सिस्टीममध्ये एक शेवटचा मोठा बदल केला. माझा पासवर्ड काढून टाकला. दुरुस्ती करायची तर प्रत्यक्ष त्या गावी जाऊन, टेक्निशियन समोर असताना करायची, फोनवरून नाही. डॉक्टरांना मी सांगितलं की सुरक्षिततेसाठी केलं. ते बरं म्हणाले. खरं कारण एवढंच होतं की मला पुन्हा कधीही त्या खुर्चीत तसं बसायचं नव्हतं.

ती सिस्टीम फार वर्षं चालली. मोडेम गेले, इंटरनेट आलं, मशीनं बदलली, डॉक्टर गेले, पण तिसरी अवस्था तशीच राहिली. आईही गेली. त्या दुपारबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या आजारपणात तिला रक्त लागलं तेव्हा मी बाटली आणली, ती लावताना तिने नुसतं विचारलं, "कोनी शे हाई?" मी म्हटलं, मोकळी होती आई, कोणाची नव्हती. तिने डोळे मिटले.

आता एका नव्या कंपनीने सगळं एका सर्व्हरवर घेतलंय. तो सर्व्हर कुठे आहे हे त्यांच्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. त्यात धुळ्याला बटण आहे. कुठल्याही केंद्रातली कुठलीही बाटली इथून एका क्षणात मोकळी करता येते, फक्त कारण निवडायचं. मला ते शिकवायला आले होते तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही, याचं मलाच नवल वाटलं. घरी येऊन भावाला सांगितलं. आम्ही दोघंच राहतो. ट्रक रंगवायचा धंदा तर पुढे स्टिकर आणि फ्लेक्सनी खाऊनच टाकला, तो स्वतःच गमतीने म्हणतो की माझा हात वेळेवर रिटायर झाला. आता तो चौकात मोबाइलचं छोटं दुकान चालवतो.

तो जेवत होता, डाव्या हाताने. म्हणाला, "म्हणजे आता दाबता येतं."

"येतं."

"मग सगळेच दाबतील."

"हो."

त्याला सगळं माहीत होतं. आईने त्याला केव्हाच सांगितलं असणार, आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. त्याने घास संपवला.

"तू बरोबर केलंस ताई," तो म्हणाला. "मला कधी तसं वाटलं नाही की चुकलीस. पण तुझ्या जागी मी असतो, आणि दवाखान्यात तू असतीस, तर मी दाबलं असतं."

मी म्हटलं, "आणि ती यावलची पोरगी?"

"तिचा विचार मी नंतर केला असता."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. तो ताट उचलून मोरीकडे गेला आणि मी तिथेच बसून राहिले.